तिकिटांचं झाड

जाऊबाईंचं पाकीट आलं की सूनबाई घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

तसं पाकीट देखणं असायचं. ऋतू बदलून सण तोंडावर आला की थोरली जाऊ परगावाहून सासूबाईंना एक पाकीट धाडायचीच. त्यावर हाताने काढलेलं चित्र, चित्राला शोभेल असं त्याच सणाचं टपालाचं तिकीट, आणि तिकिटाच्या कोपऱ्यावर पोस्टाचा शिक्का असा सुबक उमटलेला, की जाऊबाईंनी शिक्का मारणाऱ्यालाही आधी साबणाने हात धुवायला लावले असावेत. सासूबाई ते पाकीट फाडायच्या नाहीत. कात्रीने कड कापायच्या आणि मग दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, पाहुण्याच्या बरोबर नजरेला येईल असं उभं करायच्या.

"काही म्हणा, थोरलीला हौस आहे हो," त्या हवेला उद्देशून म्हणायच्या.

घरात त्या वेळी हवा आणि सूनबाई एवढंच असायचं. त्यामुळे वाक्य कुणासाठी होतं ते कळायला पदवीची गरज नव्हती. सूनबाईकडे ती होती, हा भाग वेगळा.

हौस सूनबाईलाही होती. फक्त तिची सगळी हौस काळजी करण्यात खर्च होत असे. लेक चिंगी झोपली की ती श्वास घेतेय ना हे बघायचं, उठली की शिंकली का हे बघायचं, शिंकली की दुसरी शिंक येते का याची वाट बघायची. त्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. थेंब घालायची वेळ सूनबाईने एकदाही चुकवली नव्हती. पण डोळ्यात घातलेले थेंब काही काचेच्या कपाटात मांडता येत नाहीत.

तेव्हा या बहराच्या सणाला आपणही पाकिटं धाडायची, तीही अशी की जाऊबाईंनी चष्मा पुसून बघावं, असं तिने ठरवलं आणि चिंगीला कडेवर घेऊन ती पोस्टात गेली.

"बहराची तिकिटं आहेत का?"

"झाड पाहिजे की सुटी फांदी?" खिडकीतल्या बाबूने मान वर न करता विचारलं.

प्रश्न ऐकून सूनबाई चुकून रोपवाटिकेत शिरल्यासारखी मागे बघू लागली. मग बाबूने तिकिटांचा कागद काचेला लावून दाखवला. खात्याने या वर्षी कमाल केली होती. एका तिकिटावर मूळ, एकावर खोड, बाकीच्यांवर फांद्या आणि फुलं. सगळी जोडून लावली की फुललेलं झाड तयार. एकेक तिकीट अगदी किरकोळ किमतीचं, त्यामुळे पाकिटाला पुरेसं टपाल भरायचं तर अख्खं झाडच लावावं लागणार.

"पण मग पाकिटावर पत्ता कुठे लिहायचा?" तिने विचारलं.

बाबूने पहिल्यांदाच मान वर केली. "ताई, खात्याने झाड काढलं. पत्त्याचं परिपत्रक अजून आलेलं नाही."

"तिकिटं थोडी आडवीतिडवी लावली तर?"

"लावा की. झाड तुमचंय. पण फांदी खोडाखाली गेली तर लोक नावं खात्याला ठेवतील."

त्यातही कागद सुटा मिळणार नव्हता, अख्खी चळत घ्यावी लागणार होती. घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हे ज्ञान माणसाला नेहमी पैसे दिल्यावर होतं.

घरी येऊन ती माणसं मोजायला बसली, आणि इथे पहिला अपमान झाला. माहेरची आई, जाऊ, नवऱ्याची आत्या, कॉलेजातल्या दोन मैत्रिणी इथपर्यंत लेखणी झरझर चालली. मग थांबली. झाडं बरीच उरली होती, माणसं संपली होती. आपण एवढं शिकलो, इतक्या लोकांच्या लग्नाला गेलो, आणि पाकीट पाठवावं अशी माणसं मूठभर? शेवटी तिने चिंगीच्या शाळेतल्या बाई घातल्या, चिंगीचे डॉक्टर घातले, आणि तरीही एक झाड उरलं तेव्हा दातांचे डॉक्टर घातले. त्यांनी तिची दाढ काढली होती. एवढा जवळचा संबंध आजकाल किती जणांशी येतो?

आता ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. पण गोंद मागायला ती शेजारी गेली, आणि शेजारी सूचनाकाकू राहत होत्या. काकूंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायच्या आत सूचना सुरू व्हायच्या.

"हा गोंद नको, तो पिवळा पडतो. पीठ शिजव. नको, पिठाला मुंग्या लागतात. त्यापेक्षा तू पाकिटंच पाठवू नकोस, फोन कर. बरं, पाठवतेच आहेस तर पत्ता चंदेरी शाईने लिही. माझ्या भाचीच्या लग्नाच्या पत्रिका चंदेरी होत्या. काय दिसत होत्या!"

"वाचता येत होत्या?"

"वाचायच्या कशाला? लोक आले की लग्नाला. निदान जवळचे."

जिन्यात तळमजल्यावरचे हेडमास्तर भेटले. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण समोर माणूस दिसला की त्यांना फळा दिसे. "पाठवणाऱ्याचा पत्ता!" ते बोट वर करून म्हणाले. "लोक तिथेच चुकतात. पत्र हरवलं तर परत कुणाकडे यायचं? ठळक लिहायचा. काळ्या शाईने. पत्र परत येण्याची सोय आधी, मग जाण्याची."

सूनबाईच्या काळजीखोर काळजाला हे इतकं पटलं, की तिने त्याच पावली जाड काळा मार्कर विकत घेतला.

सासूबाई दुपारी डोळ्यांवर पट्टी ओढून पडत तेव्हा जेवणाच्या टेबलावर कारखाना चाले. फिकट गुलाबी पाकिटं. पुढच्या बाजूला अख्खं झाड. झाडाशेजारी उरलेल्या पट्टीत 'प्रेषक' असं लिहून खाली ठळक काळ्या अक्षरांत स्वतःचं नाव आणि पत्ता. ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता मागच्या बाजूला, चंदेरी शाईत, वेलबुट्टीच्या आत. गुलाबीवर चंदेरी इतकं नाजूक दिसत होतं, की ते दिसतच नव्हतं. पण सौंदर्याच्या ऐन भरात असल्या गोष्टी कुणाच्या लक्षात येतात? चिंगीला गप्प बसवायला तिने कागदाची पानं कातरून दिली होती. "झाडाजवळ लाव हं, राजा." चिंगी आज्ञाधारक. तिने प्रत्येक पाकिटावर झाडाजवळ, जिथे काहीतरी लिहिल्यासारखं दिसलं तिथे, एक हिरवं पान दाबून चिकटवलं.

पान 'प्रेषक' या शब्दावर बसलं होतं. सूनबाई कौतुकाने म्हणाली, "अगदी बरोब्बर जागी लावलंस गं!"

आत पत्रंही तिने मनापासून लिहिली. आत्यांना सगळ्यात लांब. आत्या एकट्या राहत, आणि त्यांचा उजवा गुडघा धरला आहे असं नवरा सांगत होता. गुडघ्याची तिने अशी आपुलकीने चौकशी केली, की लिहिता लिहिता तिचेच डोळे पाणावले.

पाकिटं गेली. सासूबाईंनाही तिने सांगून टाकलं, "आई, मी या वेळी सगळ्यांना पाकिटं पाठवलीत."

"हो का? बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये किती बरं होतं, हे तिला नीट मोजता आलं नाही.

मग एका सकाळी पोस्टमन जिन्यातूनच ओरडत आला. "ताई! अहो ताई! पिशवी घेऊन या!"

त्याने दारात गठ्ठा ठेवला. गुलाबी पाकिटं. प्रत्येकावर फुललेलं झाड, झाडावर शिक्का, शेजारी हिरवं पान आणि पानाखाली ठळक, काळ्या, वळणदार अक्षरांत सूनबाईचं नाव आणि पत्ता. खात्याने आपलं काम चोख केलं होतं. जिथे तिकीट तिथे पत्ता, जिथे पत्ता तिथे माणूस.

"एवढी वर्षं या लाइनवर आहे," पोस्टमन कौतुकाने म्हणाला, "पण एका माणसाची एवढे लोक आठवण काढतात असं पाहिलं नाही बघा."

सूनबाईने सत्य सांगायला तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात शेजारचं दार उघडलं.

"अगं बाई, उत्तरं आली?" सूचनाकाकूंनी गालावर हात ठेवला. "लगेच? आणि सगळ्यांनी तशीच नटवून पाठवली? बघ, सगळीकडे तेच झाड विकतायत!"

"माझं पान!" चिंगी पाकिटाकडे बोट दाखवून किंचाळली. "हे माझं पान!"

"हो गं बाळा, तुझंच. तुझ्यासाठीच पाठवलंय कुणा मावशीने!" काकू म्हणाल्या.

सत्य दोनदा दारापर्यंत आलं आणि कुणी त्याला आत घेतलं नाही. सूनबाई नुसती हसली. ते हसू बघून सूचनाकाकूंना वाटलं, किती विनयशील! खरं तर एवढ्या मोठ्या जगात आपल्याला पत्र पाठवणारं माणूस फक्त आपणच, हे समजलेली बाई याहून वेगळं कसं हसणार?

आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय गं, कुणाची एवढी पत्रं?"

"हिची हो!" काकू ओरडल्या. "ढीगभर! तुमच्या थोरलीचं एक येतं!"

सासूबाई काळा चष्मा लावून भिंतीला धरत बाहेर आल्या. गठ्ठ्यावरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "एवढी माणसं जोडलीस तू? मला माहीतच नव्हतं."

त्या घरात आल्यापासून इतकं चांगलं वाक्य सूनबाईच्या वाट्याला आलं नव्हतं. आता ते परत कसं करायचं? तोंडात पडलेला घास थुंकायचा तरी कसा?

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग सोफ्यावर आडवा होऊन हसला.

"हसू नकोस! आईंना सांगून टाक ना तू."

"मी? पाकिटावर माझं नाव कुठंय?"

तोवर सासूबाईंचं फोनवर थोरलीला ऐकवून झालं होतं. "हो ना, ढीगभर! तुला नाही आलं तिचं पाकीट? येईल गं. एवढ्यांना लिहायचं म्हणजे मागेपुढे व्हायचंच." काचेच्या कपाटात थोरलीचं जुनं पाकीट एका बाजूला सरकलं. हेडमास्तर वर येऊन गठ्ठा बघून गेले आणि म्हणाले, "अक्षरं बघा. शिकलेले लोक दिसतात." सूनबाई पदराआड लपता आलं असतं तर लपली असती. पण काळ बदलला होता, तिच्या कुडत्याला नुसते खिसे होते.

आणि मग व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई खुर्चीत टेकून बसल्या. "डॉक्टरने वाचायला मनाई केलीय. तू वाच. बघू तरी काय म्हणतात लोक."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सूनबाईने घसा साफ केला आणि स्वतःची पत्रं उलट्या दिशेने वाचायला सुरुवात केली. मैत्रिणीचं निभावलं. शाळेतल्या बाईंचंही. दातांच्या डॉक्टरांना तिने लिहिलं होतं, 'तुम्ही काढलेली दाढ आता अजिबात आठवत नाही.' घाईत ती वाचून गेली, "मी काढलेली तुमची दाढ मला अजून आठवते."

सासूबाई गहिवरल्या. "किती जीव लावतात गं लोक!" मग जरा थांबून, मुद्दाम दुसरीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "वन्संचं नसेलच त्यात."

वन्सं म्हणजे त्यांची नणंद, तीच ती आत्या. दोघींचं कशावरून तरी बिनसलं होतं, आणि कशावरून ते दोघीही विसरल्या असल्यामुळे मिटवणार कसं, अशी अडचण होती.

"आहे की," सूनबाईच्या तोंडून निघून गेलं.

"आहे?" सासूबाई सावरून बसल्या. "वाच."

"प्रिय... सूनबाईस," सूनबाईने वाचलं. "किती दिवसांत बोलणं नाही. तुझी सारखी आठवण येते. आता... आता गुडघा कसा आहे?"

आणि ती अडकली. तिचा गुडघा ठणठणीत होता. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. चिंगीला कडेवर घेऊन ती दिवसातून कितीदा जिना चढत होती, ते अख्खी इमारत बघत होती. आत्या तिच्या गुडघ्याची चौकशी कशाला करतील? कपाळावर घाम आला आणि घामाबरोबर दोन शब्द आले.

"म्हणजे... वहिनींचा. वहिनींचा गुडघा कसा आहे?"

सूनबाई भीतीने पुढे वाचत सुटली. "जिना चढताना त्रास होतो का? अंगावर काढू नये. आपल्या माणसांना सांगावं. सांगितलं नाही तर कळणार कसं?"

सासूबाईंनी काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग हळूच गुडघ्यावर हात ठेवला. कुठल्या, ते सूनबाईने पाहिलं नाही. ती तोंड कागदाआड लपवून बसली होती.

"वन्संना कसं कळलं गं?" सासूबाई म्हणाल्या. "मी कुणाला म्हणाले नाही. या घरात कुणी विचारलं नाही, आणि वन्संनी एवढ्या लांबून..."

सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने घातलेला प्रत्येक थेंब डोळ्यात गेला होता. पण त्या डोळ्यांखाली एक अख्खी बाई बसली आहे, आणि ती जिना उतरताना कठड्याला धरून थांबते, हे तिने रोज बघितलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं. चिंगीच्या शिंका ऐकण्यात सगळे कान गुंतलेले.

"फोन लाव वन्संना," सासूबाई म्हणाल्या. "मीच बोलते. झालं गेलं गेलं."

"आत्ता? आत्या झोपल्या असतील."

"मग उठवू. दे इकडे, नंबर मला पाठ आहे." आणि इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतरही त्यांची बोटं आकडे न चुकता दाबू लागली.

सूनबाईने फोनवर हात ठेवला.

"आई, ते पत्र आत्यांचं नाही. माझं आहे. सगळीच माझी आहेत. मी पाठवली ती मलाच परत आली."

सासूबाईंना समजायला वेळ लागला. त्यांनी गठ्ठ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या मनात जो एकच प्रश्न उभा राहिला तो विचारला.

"मग गुडघा कुणाचा?"

"आत्यांचा," सूनबाई पुटपुटली.

"वन्संचा गुडघा दुखतो?"

"हो."

"कुठला?"

"उजवा."

"हं." सासूबाईंनी फोन खाली ठेवला. "वन्संचा उजवा. आणि माझा कुठला?"

सूनबाईने चोरून त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. दोन्ही सारखेच दिसत होते. तोंडी परीक्षेत एखाद्याला स्वतःचंच नाव आठवू नये तशी ती उभी राहिली.

सासूबाई उठल्या, भिंतीला धरून आत गेल्या, आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. सूनबाई स्वतःच एकेका दाराशी गेली आणि खरं काय ते सांगून आली. सूचनाकाकू म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, तू शाई जरा पातळ वापरलीस." हेडमास्तर खूश झाले. "म्हणजे परत येण्याची सोय उत्तम झाली तर!" चंदेरी शाई तिने फेकली, आणि पत्रं पुन्हा लिहून साध्या खाकी पाकिटांतून धाडली. सासूबाईंनी मात्र कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. त्या नेहमीसारख्या बोलत, डोळ्यात थेंब घालून घेत, आणि 'पुरे' म्हणत. एका दुपारी त्यांनी आत्यांना खरंच फोन केला. दोघींचं गुडघ्यांवर बराच वेळ बोलणं झालं. सासूबाईंचा कुठला ते ऐकायला सूनबाईने स्वयंपाकघरातला नळ बंद केला, तर सासूबाईंनी आवाज खाली आणला.

विचारायचं तरी कसं? ती धीर करून खुर्चीशी जायची, तोंड उघडायची, आणि तोंड म्हणायचं, "चहा ठेवू?" सासूबाईंनी त्या आठवड्यात इतका चहा घेतला की डॉक्टरांनी विचारलं.

अखेर तिने जे तोंडाने जमेना ते कागदावर लिहिलं. थोडंच. झाड नाही, वेलबुट्टी नाही, एक साधं तिकीट. पुढच्या बाजूला सासूबाईंचं नाव आणि घरचा पत्ता, मागे स्वतःचं नाव आणि तोच पत्ता. खात्याने कुठूनही वाचावं, पाकीट चुकायला जागाच नव्हती. तरी पेटीत टाकताना तिने ते दोनदा मागे घेतलं. जाणार नाही म्हणून नव्हे. पोचेल म्हणून.

ते आलं त्या दिवशी सासूबाईंचा नवा चष्माही येऊन पडला होता. पोस्टमन दारातूनच म्हणाला, "ताई, आज तुमचं काही नाही हं. आजींचं आहे."

सासूबाईंनी पाकीट हातात घेऊन पुढून बघितलं, मागून बघितलं. सूनबाई चिंगीचं आधीच नीट लावलेलं बटण पुन्हा लावत बसली. सासूबाई कात्री घेऊन आत गेल्या. दार लागलं. कड कापल्याचा बारीक आवाज आला. सूनबाईने तेच बटण काढून तिसऱ्यांदा लावलं.

दार उघडलं. पाकीट काही काचेच्या कपाटाकडे गेलं नाही. ते सासूबाईंच्या हातातच होतं. त्या खुर्चीत बसल्या, स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर एक पाय सावकाश लांब केला.

"डावा," त्या म्हणाल्या. "आणि अक्षर जरा मोठं काढत जा."